दोन बिटांत भागतं, तिथे तेहतीस कशाला?

जगाची लोकसंख्या आज 800 कोटींच्या पुढे गेली आहे. एवढ्या गर्दीतून कुणाही एका माणसाला नेमकं वेगळं काढायचं, तर 'हो' किंवा 'नाही' एवढीच उत्तरं असलेले 33 प्रश्न पुरतात. अट एकच, दर प्रश्नागणिक उरलेली गर्दी निम्मी झाली पाहिजे. दोनाचा तेहतिसावा घात सुमारे 859 कोटी होतो, इतकं साधं गणित आहे. यातला प्रत्येक हो-नाही म्हणजे एक बिट. आता दुसरा आकडा बघा. अ‍ॅपलनं 2017 साली आयफोनच्या आयओएस 11 या प्रणालीबरोबर अ‍ॅप बनवणाऱ्यांना 'डिव्हाइसचेक' नावाची सोय दिली. तिच्यात एका फोनबद्दल एका कंपनीला अ‍ॅपलच्या सर्व्हरवर ठेवता येतात ते फक्त दोन बिट, आणि ते शेवटचे कोणत्या महिन्यात बदलले याची नोंद. बस्स. फोनचा नंबर नाही, मालकाचं नाव नाही.

दोन बिटांत काय मावतं? या फोनवर मोफत चाचणीची मुदत वापरून झाली आहे का, हा एक प्रश्न. या फोनवरून पूर्वी फसवणूक झाली होती का, हा दुसरा. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, फोन फॉर्मॅट मारला, तरी उत्तरं टिकतात. अ‍ॅपवाले ज्या कारणांसाठी 'आम्हाला फोन ओळखावाच लागतो' म्हणून सांगतात, त्यातली बरीचशी कारणं एवढ्यात मिटतात. माझं भांडण उरलेल्या 31 बिटांशी आहे.

फोन ओळखूच नये, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारी मंडळी एकतर कधी अ‍ॅप चालवून बसलेली नसतात किंवा दुसऱ्याच्या पैशानं शुद्ध राहत असतात. 'पहिल्या ऑर्डरवर सूट' ठेवली की एकच माणूस वीस वेळा पहिला होतो. 'मित्राला बोलवा, शंभर रुपये मिळवा' म्हटलं की एका खोलीत बसलेला इसम स्वतःचेच पन्नास मित्र जन्माला घालतो. त्या सवलतीचा खर्च शेवटी सरळ वागणाऱ्या ग्राहकाच्या बिलात किंवा डिलिव्हरीवाल्या पोराच्या कमिशनमधून निघतो. बँकेचं तर बोलायलाच नको. माझ्या खात्यातले पैसे माझ्याच फोनवरून हलावेत, हे बँकेनं बघायलाच हवं. प्रश्न असा आहे की 'हा तोच फोन आहे का' एवढं विचारून काम होत असताना 'हा कुणाचा फोन आहे, तो आणखी कुठे कुठे जातो' हे कशाला हवं?

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर पत्र्याचा बिल्ला मिळतो. त्यावर 47 असं काहीतरी लिहिलेलं असतं. परत आलात की तीच चप्पल तुमच्या हातात पडते. स्टँडवाल्याला तुमचं गाव-गोत्र लागत नाही, आणि तो 47 नंबर शेजारच्या पेढेवाल्याला सांगितला तर त्याला त्यातून काडीचाही बोध होत नाही. चांगला ओळखक्रमांक असा असतो. एका ठिकाणी पक्का, दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगी आणि काम संपलं की परत.

स्मार्टफोनची सुरुवात नेमकी याच्या उलट झाली. सुरुवातीच्या आयफोनमध्ये यूडीआयडी नावाचा 40 अक्षरी क्रमांक होता. तो हँडसेटला कायमचा चिकटलेला. बदलायचा तर नवा फोन घ्या. आणि कुठल्याही अ‍ॅपला तो न विचारता वाचता यायचा. खेळाचं अ‍ॅप, बातम्यांचं अ‍ॅप, डेटिंगचं अ‍ॅप, सगळ्यांकडे तोच नंबर, त्यामुळे सगळ्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की एका माणसाचं चरित्र तयार. 2010 च्या डिसेंबरमध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं 101 लोकप्रिय अ‍ॅप तपासली, तेव्हा 56 अ‍ॅप फोनचा असा क्रमांक वापरणाऱ्याला पत्ता लागू न देता इतर कंपन्यांना पाठवत होती. पुढे 2012 मध्ये हॅकर्सच्या एका गटानं असे दहा लाख क्रमांक जाहीर केले. अमेरिकेच्या एफबीआयच्या लॅपटॉपमधून मिळवल्याचा त्यांचा दावा होता. प्रत्यक्षात ते निघाले फ्लोरिडातल्या एका डिजिटल प्रकाशन कंपनीकडून. एवढ्या छोट्या कंपनीकडे लाखो फोनांचे कायमचे क्रमांक पडलेले असावेत, हीच त्या प्रकरणातली खरी बातमी होती.

त्यानंतरची सुधारणा बरीच प्रामाणिक होती, हे मान्य करायला हवं. मे 2013 पासून अ‍ॅपलनं यूडीआयडी वाचणारी अ‍ॅप स्वीकारणं बंद केलं. त्याऐवजी दर कंपनीला वेगळा क्रमांक आला, आणि त्या कंपनीची सगळी अ‍ॅप काढून टाकली की तोही गेला. अँड्रॉइडनं 2017 मध्ये आठव्या आवृत्तीत 'अँड्रॉइड आयडी' अ‍ॅपगणिक वेगळा केला, आणि 2019 मध्ये दहाव्या आवृत्तीत साध्या अ‍ॅपना आयएमईआय वाचणं बंद केलं. चोरीला गेलेल्या फोनसाठी पोलीस स्टेशनात जो पंधरा अंकी नंबर विचारतात, तो त्याआधी एक परवानगी मिळाली की कुठल्याही टॉर्चच्या अ‍ॅपला वाचता येत होता.

पण याच काळात एक मोठी खिडकी उघडी ठेवली गेली. जाहिरातींसाठी म्हणून अ‍ॅपल आणि अँड्रॉइडवाली गूगल या दोन्ही कंपन्यांनी जाहिरात आयडी दिला, आणि तो फोनवरच्या सगळ्या अ‍ॅपसाठी एकच ठेवला. रिसेट करता येतो, बंद करता येतो, हे सगळं खरं. पण ती सेटिंग कुठे आहे हे दहा जणांना विचारून बघा. 'त्यात नाव नसतं, निनावी आहे' हा युक्तिवाद इथे कायम ऐकू येतो. तो टिकत नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 लाख मोबाइलधारकांच्या हालचालींची नोंद तपासली गेली. कुठे आणि कधी असे चार ठिपके कळले तरी 95 टक्के लोक बाकीच्यांपासून वेगळे काढता येत होते. रात्री फोन कुठे विसावतो आणि सकाळी अकरा वाजता कुठे असतो, एवढ्यानं नाव कळतं. 2019 च्या शेवटी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या हाती 1 कोटी 20 लाखांहून जास्त फोनांच्या ठावठिकाण्याच्या 50 अब्जांहून अधिक नोंदी लागल्या. 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कोचावा या डेटा-विक्रेत्या कंपनीवर खटला भरला. प्रसूती आणि गर्भपाताच्या दवाखान्यात गेलेला फोन रात्री कोणत्या घरी परततो, ते तिनं विकलेल्या माहितीतून शोधता येतं, असा आरोप होता. अशा नोंदी एकमेकींना जोडणारा धागा म्हणजे तो जाहिरात आयडी.

एप्रिल 2021 मध्ये अ‍ॅपलनं ही खिडकी अर्धी ओढून घेतली. आयओएस 14.5 पासून प्रत्येक अ‍ॅपला आधी विचारावं लागतं: तुमचा माग ठेवू का? लोकांनी धडाधड 'नाही' दाबलं. फेसबुकची मालक कंपनी मेटानं 2022 च्या फेब्रुवारीत सांगितलं की या एका बदलामुळे त्या वर्षी सुमारे 10 अब्ज डॉलरचं उत्पन्न बुडेल. लोकांना साधं विचारलं तरी एवढा खड्डा पडतो, म्हणजे त्याआधीची संमती किती पोकळ होती ते बघा. मात्र अ‍ॅपलला साधुपुरुष ठरवण्याचीही घाई नको. मार्च 2025 मध्ये फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानं याच परवानगीच्या चौकटीच्या अंमलबजावणीवरून अ‍ॅपलला 15 कोटी युरोंचा दंड केला. हेतूला त्यांचा आक्षेप नव्हता. नियम विनाकारण किचकट आहेत आणि त्याचा फटका जाहिरातींवर जगणाऱ्या छोट्या प्रकाशकांना बसतो, हे त्यांचं म्हणणं होतं.

क्रमांक काढून घेतले की ओळख थांबते, हा मात्र भाबडेपणा आहे. क्रमांक नसला तरी फोनला चेहरा असतो. मॉडेल कोणतं, आयओएस किंवा अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, जागा किती शिल्लक आहे, फोन शेवटचा कधी सुरू झाला, घड्याळ कुठल्या टाइमझोनचं, भाषांचा क्रम काय, कीबोर्ड कोणकोणते. यातलं एकेक उत्तर क्षुल्लक असतं. पण प्रत्येकानं गर्दी थोडी थोडी कमी होते, आणि सगळी मिळून आपण तेहतिसाच्या दिशेनं निघालेलो असतो. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. यात एक गोष्ट मराठी माणसानं विशेष लक्षात घ्यावी. पुण्यात मराठी कीबोर्ड असलेले फोन इतके, की त्या माहितीनं कुणी वेगळं पडत नाही. पण जर्मनीतल्या एखाद्या मध्यम शहरात, घड्याळ मध्य युरोपचं, मुख्य भाषा इंग्रजी आणि कीबोर्डांच्या यादीत मराठी असा फोन किती जणांचा असेल? त्यात मॉडेल आणि आवृत्तीची भर घाला. आईला मराठीत मेसेज करता यावा म्हणून टाकलेला कीबोर्ड परक्या मुलुखात ओळखपत्र होऊन बसतो. अल्पसंख्य भाषेच्या लोकांना फिंगरप्रिंटिंगचा त्रास नेहमीच जास्त, कारण ते गर्दीत लपू शकत नाहीत.

ही शंका माझ्या एकट्याच्या डोक्यातली नाही. मे 2024 पासून अ‍ॅपल पाच प्रकारच्या माहितीसाठी अ‍ॅप बनवणाऱ्यांकडून लेखी कारण मागतं. त्यात फोन सुरू झाल्याची वेळ, शिल्लक जागा आणि चालू कीबोर्डांची यादी आहे. 2019 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी तर आयफोनच्या जायरोस्कोपवर (फोन कसा वळतोय ते मोजणाऱ्या सेन्सरवर) कारखान्यात केलेल्या बारीक जुळवणीवरून फोन ओळखून दाखवला होता, कुठलीही परवानगी न मागता आणि एका सेकंदाच्या आत. अ‍ॅपलनं ती फट आयओएस 12.2 मध्ये बुजवली. पण कारखान्यातल्या स्क्रूड्रायव्हरचीही ओळख पटते म्हटल्यावर, एकेक फट बुजवत बसण्याचा हा खेळ कुठे संपणार?

जून 2025 मध्ये उघड झालेला प्रकार तर निगरगट्टपणाचा कळस होता. अँड्रॉइड फोनवरच्या मेटाच्या अ‍ॅप, तसंच रशियाच्या यांडेक्स या सर्च कंपनीच्या अ‍ॅप, फोनच्या आतल्याच एका दारावर कान लावून बसलेल्या असायच्या. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट उघडली आणि त्या साइटवर यांची स्क्रिप्ट असली, की ती स्क्रिप्ट आतल्या आत अ‍ॅपला कुजबुजून सांगायची की हा तो. इनकॉग्निटो वापरा, कुकी पुसा, काही उपयोग नाही. युरोपातल्या संशोधकांनी हे चव्हाट्यावर आणलं आणि मेटानं लगेच ते बंद केलं. यांडेक्सचं 2017 पासून चालू होतं. 2025 च्याच फेब्रुवारीत गूगलनं जाहिरातदारांसाठीची फिंगरप्रिंटिंगवरची आपली बंदी सैल केली होती, जी पद्धत वापरणाऱ्याच्या निवडीवर कुरघोडी करते असं 2019 मध्ये गूगल स्वतःच म्हणत होतं. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयानं या बदलाला बेजबाबदार म्हटलं. माझ्या मते तो शब्द सौम्य आहे.

आता उबरचं प्रकरण घेऊ, कारण माझा मुद्दा त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतो. चीनमध्ये काही चालक चोरीचे, पुसून पुन्हा विकलेले आयफोन घ्यायचे, त्यावर डझनावारी खोटी प्रवासी खाती उघडायचे, स्वतःच गाडी मागवायचे, स्वतःच ती फेरी स्वीकारायचे आणि बोनस खिशात घालायचे. कंपनीचं नुकसान खरं होतं. उपाय म्हणून उबरनं आयफोनला अशी खूण केली की अ‍ॅप काढलं, फोन पुसला, तरी तो ओळखू यावा. अ‍ॅपलच्या नियमांत हे बसत नव्हतं. मग काय करावं? अ‍ॅपलच्या क्यूपर्टिनोतल्या मुख्यालयाभोवती डिजिटल कुंपण घातलं, म्हणजे तिथे बसून तपासणाऱ्यांना हा कोड दिसूच नये. मुख्यालयाबाहेर काम करणाऱ्या अ‍ॅपलच्याच अभियंत्यांनी ते पकडलं आणि 2015 च्या सुरुवातीला अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी उबरचे तेव्हाचे प्रमुख ट्रॅव्हिस कॅलानिक यांना बोलावून घेतलं. या प्रकाराचं बिंग 2017 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं फोडलं. उबरला जे हवं होतं ते एका बिटाचं उत्तर होतं: या हँडसेटवर पूर्वी खातं उघडलं गेलं आहे का? त्यासाठी त्यांनी अख्ख्या फोनवर कायमची डागणी दिली, आणि तीही तपासनिसापासून लपवून. गरज खरी असली की पद्धतही आपोआप माफ होते, असं या धंद्यात फार सहज धरून चालतात.

आपल्याकडे यूपीआयमुळे फोन ओळखण्याचा प्रश्न शेतमजुरापासून उद्योजकापर्यंत सगळ्यांच्या खिशात आला. अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करताना तुमच्या सिमवरून एक सांकेतिक एसएमएस जातो (अँड्रॉइडवर आपोआप, आयफोनवर 'पाठवा' आपण दाबतो), आणि खातं, सिम, हँडसेट यांची गाठ बसते. ही गाठ हवीच. पण पुढच्या प्रत्येक वेळी 'तोच फोन' हे सिद्ध करायला फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये तयार झालेली किल्ली पुरते. ती किल्ली फोनबाहेर कधी येत नाही. बँकेकडे असतं ते तिचं जोडीदार कुलूप. दुसऱ्या अ‍ॅपसाठी दुसरी जोडी. म्हणजे सगळ्यात कडक सुरक्षेच्या कामालाही सगळीकडे चालणारा कायमचा नंबर लागत नाही. मग किराण्याच्या अ‍ॅपला तो कशाला लागावा?

आपल्या सरकारचा ओढा मात्र जोडण्याकडे आहे. 2025 च्या नोव्हेंबर अखेरीस दूरसंचार विभागानं प्रत्येक नव्या फोनवर चोरीचे फोन आणि फसवे कॉल कळवण्याचं सरकारी 'संचार साथी' अ‍ॅप आधीच टाकून देण्याचा आदेश काढला आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत ती सक्ती मागे घेतली. त्याच सुमारास व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपनी ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये कायम असल्याशिवाय चालू नये, असाही आदेश निघाला. सायबर फसवणूक रोखायची म्हणून. फसवणूक खरी आहे, घराघरात आहे. पण भारतातला नंबर व्हॉट्सअ‍ॅपसाठी जपून फोनमध्ये दुबईचं किंवा टोरांटोचं सिम घालणारे लाखो लोक आहेत, आणि या हिशेबात ते कुठेच धरलेले दिसत नाहीत.

आपल्याकडे चांगले नियमही आहेत, ते कुणी फारसे वाचत नाही एवढंच. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना स्पष्ट बजावलं की फोनमधल्या फाइल, फोटो, संपर्कयादी, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. कॅमेरा किंवा ठावठिकाणा केवायसीपुरता, एकदाच, परवानगीनं. वसुलीवाल्यांनी कर्जदाराच्या संपर्कयादीतल्या नातेवाइकांना फोन करून अब्रू काढल्यावर हा नियम आला. यात लोकांकडून 'संमती' घ्या असं म्हणून हात झटकलेले नाहीत. काय घ्यायचंच नाही ते लिहिलं आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात एक उदाहरण दिलंय: दूरवैद्यक सेवेच्या अ‍ॅपनं संपर्कयादीची परवानगी मागितली आणि बाईनं ती दिलीही, तरी उपचाराला ती यादी लागत नसल्यानं संमती तेवढ्यापुरती धरली जाणार नाही. हे सूत्र फोनच्या ओळखीला लावा. कूपनसाठी एक बिट लागतो, तर 'मान्य आहे' दाबलं तरी बाकीचे बिट घेणं बेकायदा ठरावं. अडचण अशी की कायद्यातली वैयक्तिक माहितीची व्याख्या व्यापक असली, तरी फोनच्या ओळखक्रमांकाचा तिच्यात नावानं उल्लेख नाही, आणि फिंगरप्रिंटिंग करणारा 'आम्ही व्यक्ती ओळखतच नाही, डिव्हाइस ओळखतो' म्हणत त्याच फटीतून निसटू बघणार. ती फट नियमानं बुजवावी. फसवणूक-तपासासाठी घेतलेली खूण जाहिरात विभागाच्या टेबलावर कधीही जाऊ नये, हेही त्याच नियमात यावं. कंपनीच्या आतली ही भिंत नसेल तर 'सुरक्षेसाठी' हा शब्द सगळी दारं उघडतो.

दोन बिटांच्या पद्धतीवर एक आक्षेप रास्त आहे. ते बिट अ‍ॅपलकडे असतात. म्हणजे खासगीपणाचा कुलपवाला आणि बाजाराचा मालक एकच. अँड्रॉइडवरही गूगलची खातरजमा पास न झालेल्या फोनवर, मग तो सॉफ्टवेअर बदलून जिवंत ठेवलेला जुना फोन का असेना, काही बँकांची अ‍ॅप उघडतच नाहीत. याला माझ्याकडे तयार उत्तर नाही. पण या दोन कंपन्यांच्या हातातली सत्ता नियामकाला दिसते, फ्रान्सनं अ‍ॅपलला दंडही केला. पडद्यामागच्या शेकडो डेटा-दलालांना कोण कुठे शोधणार?

आणि शेवटी फोन म्हणजे माणूस नव्हे, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमध्ये एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, कारण वस्तीवर स्मार्टफोन असतोच एक. 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज 'नारीशक्ती दूत' अ‍ॅपवर भरताना अंगणवाडी सेविकांनी आपल्या फोनवरून कितीतरी बायकांचे अर्ज भरले. फसवणूक शोधणाऱ्या कुठल्याही यंत्राला हे चित्र हुबेहूब बनावट खात्यांच्या टोळीसारखं दिसेल. शिवाय आपल्याकडे फोन हातोहात फिरतो. मोठ्या भावाचा धाकट्याकडे, धाकट्याचा गावी वडिलांकडे, नाहीतर सेकंडहँड दुकानात. अ‍ॅपलच्या दोन बिटांतही हा प्रश्न सुटत नाही. हँडसेट नव्या मालकाकडे गेला तर जुना डाग पुसायचा की नाही, हे ज्या-त्या अ‍ॅप कंपनीवर सोडलेलं आहे. डिलिव्हरीचं काम मिळेल म्हणून सहा हजारांत जुना फोन घेतलेल्या पोराचं खातं पहिल्याच दिवशी 'संशयास्पद डिव्हाइस' म्हणून अडकलं, तर त्याला कारण लेखी कळावं, खरेदीची पावती दाखवली की तो बिट शून्यावर यावा, आणि हे ठरलेल्या मुदतीत माणसानं बघून करावं, चॅटबॉटनं नव्हे. नियम लिहायला बसणाऱ्यांनी सुरुवात या पोरापासून करावी. जाहिरात कंपन्यांचे वकील आपली बाजू मांडायला न बोलावताही येणारच आहेत.